हा परिच्छेद कोण लागतो?

कोणाचीही फाईल संपादनासाठी आली की मजकूर वाचण्याआधी मी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ ही तीन बटणं एकदम दाबते. एरवी न दिसणाऱ्या खुणा त्यामुळे वर्डमध्ये दिसायला लागतात. एंटर मारलंय तिथं उलट्या 'पी'सारखी खूण, प्रत्येक स्पेससाठी एक बारीक ठिपका, टॅबसाठी बाण. मग टाइप करणाऱ्यानं कुठं कशी वेळ मारून नेली ते सगळं समोर येतं. शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार दाबून धरलाय, म्हणून त्याच्या डावीकडे ठिपक्यांची लांबच लांब रांग. नवं प्रकरण नव्या पानावर हवंय, म्हणून आधीच्या प्रकरणाखाली एंटरच्या खुणा पार तळापर्यंत उतरत गेलेल्या. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला कुठं एक टॅब, कुठं चार स्पेस, कुठं पाच.

यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही. छापून काढलं की हे सगळं नीटनेटकंच दिसतं. ठिपके आणि बाण कागदावर उमटत नाहीत. ज्या फाईलचं काम एकदा छापून संपणार आहे, तिला याहून जास्त काही लागतही नाही. अडचण सुरू होते ती "थोडे बदल करायचेत" या निरोपापासून.

समजा, निरोप असा आहे की सगळी उपशीर्षकं जरा लहान करा आणि त्यांच्याखालची जागा कमी करा. दीडशे-दोनशे पानांचा प्रबंध आहे. उपशीर्षकं हातानं सजवलेली असतील तर एकेक शोधायचं, सिलेक्ट करायचं, आकडा बदलायचा. निम्म्या वाटेवर डोळे थकतात आणि दोन-तीन उपशीर्षकं हमखास सुटतात. तेवढ्यात लक्षात येतं की ती मुळात एकसारखी नव्हतीच. बरीचशी १४ पॉइंटांची, काही साडेतेराची, एक कुठून तरी पेस्ट केलेलं आणि वेगळ्याच फॉन्टमधलं. खालची जागा म्हणाल तर ती एका रिकाम्या एंटरची, आणि त्या रिकाम्या ओळीचाही स्वतःचा आकार असतो, तोही प्रत्येक ठिकाणी वेगळा. फॉरमॅट पेंटरचा ब्रश इथं मदतीला येतो, पण हातानं दिलेलं रूप ब्रशनं दुसरीकडे नेलं तरी ते हातानं दिलेलंच राहतं. पुढच्या निरोपाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे असं का होतं, ते फाईलच्या पोटात डोकावलं की कळतं. वर्डची डॉकएक्स फाईल म्हणजे एक झिप असते. एक प्रत काढून तिच्या नावाचा शेवट बदलून झिप केला आणि ती उघडली, की आत साध्या मजकुराच्या बऱ्याच फायली दिसतात. 'डॉक्युमेंट' नावाच्या फाईलमध्ये आपलं लेखन असतं. हातानं सजवलेल्या शीर्षकाची तिथली नोंद मराठीत सांगायची तर अशी: हा एक साधा परिच्छेद आहे, मधोमध आहे, यातली अक्षरं ठळक आहेत, आकार ३२ आहे. (वर्ड आकार अर्ध्या पॉइंटात मोजतं, त्यामुळे १६ चे ३२ होतात. पहिल्यांदा बघणारा दचकतो.) तेच शीर्षक स्टाईल लावून केलं असेल, म्हणजे दिसण्याचे सगळे नियम एका नावाखाली बांधून ते नाव परिच्छेदाला दिलं असेल, तर नोंद एवढीच: हा परिच्छेद 'हेडिंग १' आहे. ठळकपणा, आकार, वर-खालची जागा हे सगळं शेजारच्या 'स्टाइल्स' फाईलमध्ये एकदाच लिहिलेलं असतं. तिथला एक आकडा बदलला की झाडून सगळी शीर्षकं बदलतात.

पण मला यातली सोय दुसऱ्या नंबरवर वाटते. पहिल्या प्रकारात ती ओळ शीर्षक आहे हे फाईलला माहीतच नसतं. ठळक आणि मोठी अक्षरं बघून आपण माणसं ते ओळखतो. यंत्राच्या लेखी तो इतर परिच्छेदांसारखाच एक परिच्छेद, फक्त जरा नटलेला. म्हणून अनुक्रमणिका आपोआप बनत नाही आणि मग लोक ती टिंबं टिंबं देऊन हातानं टाइप करतात. दोन परिच्छेद वाढले की तिच्यातले पान नंबर खोटे पडतात. म्हणून डावीकडच्या नॅव्हिगेशन पेनमध्ये, म्हणजे शीर्षकांची यादी दाखवणाऱ्या रकान्यात, काहीच दिसत नाही. हेडिंग स्टाईलनं लावलेली असतील तर त्याच पेनमधलं एक उपशीर्षक माउसनं उचलून वर नेता येतं आणि त्याच्याखालचा सगळा मजकूर, तक्ते, तळटीपा, सगळं लटांबर त्याच्याबरोबर मुकाट जातं. मोठ्या लेखनाची फेररचना करताना हे एकदा अनुभवलं की कट-पेस्टकडे परत जाववत नाही.

पडदा न बघता वाचणाऱ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडर वापरतात. एनव्हीडीए किंवा जॉजसारखा प्रोग्रॅम मजकूर बोलून दाखवतो. आपण पानं चाळतो, शीर्षकांवरून नजर फिरवतो आणि हवं तिथं थांबतो. त्यांना तेच काम 'एच' अक्षराच्या बटणानं करता येतं. एकदा दाबलं की पुढचं हेडिंग, त्याच्या पातळीसकट. मात्र ते बटण हेडिंगची स्टाईल शोधतं, मोठी अक्षरं शोधत नाही. हातानं सजवलेल्या दोनशे पानांत ते दाबलं तर पुढं काही नाहीच असं उत्तर येतं आणि वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून सगळं ऐकत बसावं लागतं. त्या फाईलची पीडीएफ केली तरी हाच रिकामेपणा पुढं जातो. आपण 'सुबक' म्हणून पाठवलेला अहवाल समोरच्याच्या हातात एक सलग, बिनदारांची भिंत होऊन पडतो.

इतकं असूनही माणसं स्टाईल का वापरत नाहीत? आळस हे उत्तर मला पटत नाही. पन्नास उपशीर्षकं हातानं बदलणाऱ्या माणसाला आळशी कसं म्हणायचं?

एक कारण इतिहासात आहे. मजकूर काय आहे आणि तो कसा दिसतो या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात हा विचार काही कालपरवाचा नाही. १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडातल्या सरकारी छपाई कार्यालयातल्या एका बैठकीत तो मांडला होता. १९६९ च्या सुमारास आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी याच विचारावर जीएमएल ही खुणांची पद्धत बांधली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं त्या नावात बेमालूम बसवलेली आहेत. तिच्यातूनच पुढं १९८६ चं एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. ब्रायन रीड यांच्या 'स्क्राइब' या प्रोग्रॅमनं १९८० पर्यंत हे लेखकाच्या टेबलापर्यंत आणलं: लेखकानं फक्त 'हे प्रकरण', 'हे अवतरण' एवढं सांगायचं, दिसण्याचं बाकीचं प्रोग्रॅमनं बघायचं. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या मजकूर मांडण्याच्या प्रोग्रॅमनं तीच वाट धरली.

याच काळात झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात वेगळीच जादू चालली होती. १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्राव्हो' हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम तयार केला. पडद्यावर जसं दिसेल तसंच कागदावर उतरेल, हे तिथं पहिल्यांदा घडलं. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथं वर्ड उभं राहिलं. वर्डमध्ये स्टाईल होत्या, अगदी विंडोजआधीच्या डॉसच्या जमान्यापासून होत्या. पण ठळक करायचंय तर 'बी' दाबा, लगेच ठळक होतं, हे सुख त्यांच्यापुढं फार मोठं होतं. दाबलं आणि झालं. स्टाईलसाठी आधी थांबावं लागतं. २००७ च्या वर्डनं स्टाईलची नावं थेट होम टॅबवर मांडून ठेवली, तरी बोट डावीकडच्या 'बी'वरच जातं. माझा राग आहे तो या मांडणीवर. चुकीची वाट एका क्लिकवर ठेवायची आणि बरोबर वाटेला नाव द्यायचं 'मॉडिफाय', मग लोकांनी काय करावं?

वेबवाल्यांनी हाच गोंधळ घातला होता. एकेका शब्दाला रंग आणि फॉन्टची खूण चिकटवत पानं बनवली जायची. १९९४ मध्ये होकोन व्हियुम ली यांनी सीएसएस, म्हणजे पानाचं दिसणं मजकुरापासून वेगळं लिहिण्याची पद्धत, सुचवलं, १९९६ च्या डिसेंबरात त्याची पहिली आवृत्ती मान्य झाली आणि काही वर्षांत ती जुनी खूण मोडीत निघाली. तिथं सक्ती झाली म्हणून सुधारणा झाली. आपल्या फायलींवर तशी सक्ती कुणी केली नाही.

दुसरं कारण मला एका निवृत्त गृहस्थांनी शिकवलं. ते आपल्या नोकरीतल्या आठवणी लिहीत होते आणि फाईल माझ्याकडे आली होती. भाषा स्वच्छ, हात लिहिता. पण परिच्छेदांचे नाना अवतार. काही डावीकडून आत सरकवलेले, काही तिरक्या अक्षरांतले, काही करड्या रंगातले आणि किंचित लहान. मी फोन करून विचारलं, "सर, हे करड्या रंगातले परिच्छेद नेमके काय आहेत? मला त्यांची एक स्टाईल करायचीय. नाव काय देऊ?"

"अहो ताई, नाव कशाला? ते फक्त जरा वेगळं दिसायला हवंय."

"वेगळं का दिसायला हवंय?"

"असंच. ते जरा मागं राहू दे."

इथं फोन ठेवता आला असता. पण आत सरकवलेले परिच्छेद म्हणजे त्यांना आलेली पत्रं होती आणि तिरके म्हणजे त्या काळातल्या डायरीतल्या नोंदी. ती दोन्ही नावं त्यांनी पटकन सांगितली होती. फक्त करड्याचंच नाव सांगायला ते तयार नव्हते. मी म्हटलं, "सर, सवडीनं वाचून बघा आणि कळवा."

चार-पाच दिवसांनी त्यांचाच फोन. करडे परिच्छेद म्हणजे त्यांनी स्वतः न पाहिलेले, इतरांकडून ऐकलेले प्रसंग होते. लिहिताना हे त्यांनी ठरवलं नव्हतं. हातानं आपोआप रंग फिका केला होता. म्हणाले, "त्याला 'ऐकीव' म्हणा." आम्ही 'ऐकीव' नावाची स्टाईल केली. मग तेच एकेक परिच्छेद घेऊन बसले आणि भलत्याच गोष्टी निघाल्या. एका करड्या परिच्छेदात ते स्वतः हजर होते, तरी तो करडा होता. तो काळा झाला आणि पानभर वाढला. उलट, डायरी म्हणून तिरक्या केलेल्या एका मजकुरात शेवटची चार वाक्यं डायरीतली नव्हतीच, नंतर सुचलेली होती. ती सुटी करून साध्या परिच्छेदात आली. साध्या दिसणाऱ्या मजकुरातले दोन प्रसंग 'ऐकीव'मध्ये गेले आणि त्यातल्या एकाची सुरुवात बदलून "मी असं ऐकलं की" अशी झाली.

पुढं पुस्तक एकाच रंगात छापायचं ठरलं. करडा फिका उमटेल अशी प्रकाशकांना धास्ती होती. 'ऐकीव'ची स्टाईल उघडली, रंग काळा केला, दोन्ही बाजूंनी थोडी जागा सोडली आणि पुस्तकभर बदल झाला. त्याला मिनिटभरही लागलं नाही. पण हे मिनिट वाचवण्यासाठी ती स्टाईल केली होती असं म्हणवत नाही.

हातानं सजवताना 'हे काय आहे' हा प्रश्न टाळता येतो. जरा मोठं करू, जरा आत घेऊ, बघू कसं दिसतंय. स्टाईल तो प्रश्न अंगावर घ्यायला लावते. हे 'हेडिंग २' की 'हेडिंग ३'? म्हणजेच हा मुद्दा आधीच्या मुद्द्याच्या बरोबरीचा आहे की त्याच्या पोटातला? प्रबंध लिहिणाऱ्या मुली-मुलांना मी विचारते तेव्हा बरेचदा उत्तर मिळत नाही, कारण प्रकरणाची रचनाच अजून ठरलेली नसते. साडेतेरा पॉइंटांची ती उपशीर्षकं तिथूनच आलेली असतात: ना पुरती मोठी, ना पुरती छोटी. 'हेडिंग ५'पर्यंत कुणी पोचलं की मी फॉरमॅटिंगला हात लावत नाही, प्रकरण वाचायला घेते.

आता स्टाईलची तरफदारी करताना तिचे चाळे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वर्डमध्ये 'ऑटोमॅटिकली अपडेट' अशी एक चौकट असते. तिच्यावर टिक असेल आणि तुम्ही एकच परिच्छेद सहज मधोमध केला, तर त्या स्टाईलचे सगळे परिच्छेद फाईलभर मधोमध होतात. अनेकांनी स्टाईलचा धसका घेतलेला असतो तो इथंच. दुसरा चाळा आणखी गमतीचा. एखाद्या परिच्छेदात काही शब्द हातानं ठळक केलेत आणि मग त्याला स्टाईल लावली, तर ते शब्द ठळकच राहतात. पण ठळक भाग परिच्छेदाच्या निम्म्याहून जास्त असेल तर वर्ड समजतं की हा सगळा जुना मेकअप आहे, आणि पुसून टाकतं. नियम शहाणपणाचा आहे. फक्त तो कुणी सांगत नाही. त्यामुळे एका परिच्छेदातला जोर टिकतो, शेजारच्यातला गायब होतो आणि माणूस कॉम्प्युटरला शिव्या घालतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना एक जादा गाठ सोडवावी लागते. वर्ड आणि त्याच्यासारखंच फुकट मिळणारं लिबरऑफिस, दोन्हीकडे रोमन अक्षरांचा फॉन्ट आणि आकार वेगळा साठवला जातो आणि 'कॉम्प्लेक्स' लिप्यांचा वेगळा. देवनागरी या दुसऱ्या खात्यात येते. स्टाईलमध्ये १४ आकडा घातला आणि मराठी मजकूर ढिम्म हलला नाही, तर आकडा बहुधा रोमनच्या खात्यात गेलेला असतो. आणि फाईल जुन्या, युनिकोडआधीच्या (म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत मिळण्याआधीच्या) फॉन्टमधली असेल तर स्टाईलच्या नादी लागण्याआधी थांबावं. कृती देव किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ती मराठी दिसतात ती केवळ फॉन्टमुळे. तिथं सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-स्पेस दाबलं, म्हणजे हाताची सजावट पुसली, की मराठीच पुसली जाते आणि पडद्यावर अगम्य खिचडी उरते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं, बाकी सगळं मग.

माझी स्वतःची रीत फार थोडक्यात आटोपते. मूळ मजकूर 'नॉर्मल'मध्ये ठेवत नाही, कारण वर्डमधल्या बहुतेक स्टाईल 'नॉर्मल'वरच उभ्या असतात. त्याला धक्का दिला की वरचं सगळं हलतं. मजकुरासाठी 'बॉडी टेक्स्ट', तीन पातळ्यांची हेडिंग, एक अवतरणासाठी, एक तक्त्याखालच्या ओळीसाठी. यात सहसा भागतं. रिकामे एंटर काढून टाकते आणि ती जागा स्टाईलच्या 'स्पेस बिफोर' आणि 'स्पेस आफ्टर'मध्ये भरते. प्रकरणाच्या हेडिंगला 'पेज ब्रेक बिफोर' लावलं की ते आपलं आपण नव्या पानावर जातं. उपशीर्षकाला 'कीप विथ नेक्स्ट' असतंच, त्यामुळे ते पानाच्या तळाशी एकटं लटकत नाही. नव्या स्टाईलला नाव द्यायची वेळ आली तर दिसण्यावरून देत नाही. 'निळा तिरका' असं नाव दिलं की रंग बदलायच्या दिवशी ते नाव खोटं पडतं. लिबरऑफिसनं २०२३ च्या ७.६ आवृत्तीत स्पॉटलाइट नावाची एक छान सोय दिलीय. कुठल्या परिच्छेदाला कुठली स्टाईल आहे ते समासात रंग आणि आकड्यांनी दिसतं, आणि हातानं केलेली ढवळाढवळ कुठं आहे तेही. मॅकवरच्या वर्डमध्येही अशीच सोय आहे.

आणि हो, 'बी' मीही दाबते. एखाद्या पत्रातली तारीख, दारावर लावायची एकपानी सूचना, यांच्यासाठी स्टाईल बनवत बसणं म्हणजे निव्वळ हौस. सूचना ठळक करायची, मोठी करायची, मधोमध आणायची, छापायची, मोकळं व्हायचं. फक्त अशा सूचनांना मरण नसतं. पुढच्या वर्षी कुणीतरी तीच फाईल 'सेव्ह अ‍ॅज' करतं, खाली दोन नियम जोडतं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुणी एक तक्ता डकवतं, आणि चार वर्षांनी तिची चाळीस पानांची नियमावली होऊन ती संपादनासाठी येते, सोबत निरोप: थोडे बदल करायचेत.